एम हालून राहिला? सेन्सला हात लावायच्या आधी हे बघा

नागपुरात गेमिंग कॅफेतले पीसी सांभाळतो, त्यामुळे ही तक्रार रोज कानावर येते. ‘दादा, काल एकेक डोकं उडत होतं, आज एम हालून राहिला ना.’ एम म्हणजे नेम. हे बोलून होईपर्यंत पोट्ट्याचा हात सेटिंगमध्ये गेलेला असतो आणि सेन्स, म्हणजे माऊस हलवल्यावर गेममधली नजर किती वळते त्याचा आकडा, ०.४ ची ०.३५ झालेली असते. दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. मग ०.४२. पुढे पुढे त्याला स्वतःलाच सांगता येत नाही की मूळची सेन्स होती किती.

हा बिघाड परत परत येतो, त्यामागे मुख्यतः हीच सवय असते. खरं कारण दुसरीकडे असतं आणि बदलली जाते सेन्स. हाताला बसलेलं माप मोडतं, ते कारण मात्र जिथल्या तिथे राहतं. म्हणून खालचा क्रम मोडू नका. फुकटातलं आणि मिनिटभराचं आधी, मेहनतीचं नंतर, सेन्स जवळपास शेवटी. उदाहरणं व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ या बंदुकीच्या गेमची आहेत, कारण माझ्यासमोर पोरं तेच खेळतात.

लक्षणं

‘एम गेला’ म्हणजे डॉक्टरला नुसतं ‘बरं नाही’ सांगण्यासारखं झालं. नेमकं काय होतं ते आधी पकडा.

- तोच फ्लिक (टार्गेटकडे माऊसचा झटका) कधी टार्गेटच्या पुढे जातो, कधी अलीकडेच थांबतो.
- खेळता खेळता क्रॉसहेअर (स्क्रीनवरची नेमाची खूण) एकदम आभाळात किंवा पायाशी जातो, नाहीतर जागच्या जागी थरथरतो.
- मोठी हालचाल ठीक, पण डोक्यावर जरासं सरकवायला गेलं की माऊस आधी चिकटतो आणि मग एकदम सुटतो.
- एका क्लिकमध्ये दोन गोळ्या सुटतात, किंवा बटण दाबून धरलेलं असताना स्प्रे (सलग गोळीबार) मधेच तुटतो.
- सकाळी मस्त, दुपारी बेकार.
- रेंजमध्ये (सरावाच्या मैदानात) बॉट पटापट मरतात, मॅचमध्ये काहीच लागत नाही.
- क्रॉसहेअर डोक्यावरच होता, तरी गोळी बाजूनं गेली.
- मनगट दुखतं, बोटांना मुंग्या येतात.

पहिल्यासाठी सेटिंग, बसणं आणि हात, तिन्ही बघावे लागतात. दुसऱ्या-तिसऱ्यात सेन्सर, माऊसचे पाय आणि पॅड. चौथं म्हणजे स्विच. पाचवं आपल्या गावच्या उन्हाचं देणं. सहावं-सातवं जवळपास नेहमी हाताचं. आणि आठवं असेल तर मधलं सगळं सोडा, थेट शेवटचा भाग वाचा.

डीपीआय खरंच तोच आहे का?

डीपीआय म्हणजे एक इंच सरकल्यावर माऊस हालचालीचे किती काउंट पाठवतो ते. चाकाच्या मागे जे छोटं बटण असतं ते डीपीआयचं. पुसताना दाबलं जातं, बॅगेत दाबलं जातं, लहान भाऊ गंमत म्हणून दाबतो. ८०० चे १६०० झाले की सेन्स न बदलताही सगळं दुप्पट पळतं. कॅफेत बसणाऱ्यांनी तर हे रोज बघायला हवं, कारण तुमच्या आधी त्या खुर्चीत कोण बसून गेलं ते तुम्हाला ठाऊक नसतं.

बोटाच्या अंदाजावर जाऊ नका, मोजा. रेंजमध्ये जाऊन भिंतीवरच्या एखाद्या बारीक खुणेवर क्रॉसहेअर धरा. पॅडला लागून फूटपट्टी ठेवा आणि माऊस सरळ उजवीकडे नेत पूर्ण एक गिरकी घ्या. क्रॉसहेअर परत त्याच खुणेवर आला की किती सेंटिमीटर झाले ते बघा. पट्टी पुरत नसेल तर अर्ध्या गिरकीचं माप घेऊन दुप्पट करा.

आता गणित. व्हॅलोरंटमध्ये सेन्स १ असताना माऊसच्या एका काउंटमागे नजर ०.०७ अंश वळते, काउंटर-स्ट्राइकमध्ये ०.०२२ अंश. ८०० डीपीआय म्हणजे एका इंचात ८०० काउंट. सेन्स ०.४ असेल तर ८०० × ०.४ × ०.०७ = २२.४ अंश प्रति इंच. ३६० ला २२.४ ने भागलं की १६ इंच, म्हणजे साधारण ४१ सेंमी. तुमच्या पट्टीवर २० च्या आसपास आलं तर डीपीआय १६०० झालाय, दुसरं काही शोधायची गरज नाही. दोन्ही गेम खेळणाऱ्यांनी व्हॅलोरंटच्या सेन्सला ३.१८ ने गुणायचं, काउंटर-स्ट्राइकची मिळते. ०.४ ला १.२७. मित्राच्या पीसीवर ‘अंदाजे तेवढीच’ ठेवणाऱ्यांचा एम तिथे का बसत नाही, ते यावरून कळावं.

हे सेंटिमीटर मोबाईलमध्ये लिहून ठेवा. यापुढे शंका आली की पहिली तपासणी हीच. नवीन माऊस घेतला तरी हीच, कारण ८०० लिहिलेले दोन वेगळे माऊस प्रत्यक्षात नेमके सारखे ८०० निघतीलच असं नाही, थोडाफार फरक पडतो.

विंडोज आणि माऊसचं सॉफ्टवेअर

विंडोजच्या माऊस सेटिंगमध्ये ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ असा पर्याय असतो. नाव भारी, काम उलटं. माऊस जोरात हलवला तर तो कर्सर जास्त पळवतो, हळू हलवला तर कमी. म्हणजे तेवढ्याच अंतराला दर वेळी वेगळं उत्तर, आणि हाताला माप बसणार कसं? टिक काढा. आपले दोन्ही गेम माऊसचा डेटा विंडोजला वळसा घालून थेट घेतात, त्यामुळे तिथे फरक पडायला नको. पण ब्राउझरमधल्या एम ट्रेनरवर सराव करत असाल तर सराव एका मापावर आणि मॅच दुसऱ्या मापावर, असा प्रकार होतो.

माऊसच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्येही असंच वेगानुसार माप बदलणारं अॅक्सलरेशन दडलेलं असू शकतं. तिथेच ‘अँगल स्नॅपिंग’ बघा आणि बंद करा. ते तुमची किंचित तिरकी रेघ सरळ करून देतं. पेंटमध्ये चित्र काढायला छान, डोक्याच्या उंचीवर बारीक तिरपं सरकवायला घातक. पोलिंग रेट, म्हणजे माऊस सेकंदाला किती वेळा रिपोर्ट पाठवतो ते, १००० हर्ट्झ पुरे. नव्या माऊसना ४००० नि ८००० देतात, पण जुन्या प्रोसेसरवर तेवढे रिपोर्ट हाताळताना गेमच अडखळतो.

खात्री करायची असेल तर माऊसची डावी कड पट्टीला टेकवून क्रॉसहेअर खुणेवर धरा. माऊस झपकन उजवीकडे न्या आणि अगदी हळू परत पट्टीला टेकवा. क्रॉसहेअर खुणेच्या आसपास आला तर ठीक. दर वेळी बराच बाजूला राहत असेल तर कुठेतरी अॅक्सलरेशन चालू आहे, नाहीतर झपाट्यात सेन्सरची पकड सुटते आहे.

काउंटर-स्ट्राइकमध्ये ४:३ स्ट्रेच्ड लावणाऱ्यांसाठी एक गोष्ट. चित्र आडवं ताणलं जातं म्हणून डावी-उजवी हालचाल डोळ्यांना जास्त वेगानं दिसते. माऊस तेवढाच वळतोय. रिझोल्युशन बदललं आणि ‘एम पळून राहिला’ असं वाटलं, तर ते डोळ्यांचं आहे. सेन्स सोडा, डोळ्यांना काही दिवस द्या.

माऊस उलटा करा

मोबाईलचा टॉर्च तिरका धरून सेन्सरच्या भोकात बघा. कडेला अडकलेला बारीक धागा किंवा पापणीचा केस आडवा पडलेला दिसेल. कधी दिसत नाही, जरा हवा लागली की थरथरतो तेव्हा कळतं. सेन्सर म्हणजे बारका कॅमेरा. तो पॅडचे सेकंदाला हजारो फोटो घेतो आणि दोन फोटोंत काय सरकलं त्यावरून हालचाल ठरवतो. प्रत्येक फोटोत तोच केस जागच्या जागी दिसला की त्याचा हिशेब बिघडतो. कर्सर थरथरतो नाहीतर उडी मारतो. चिमट्यानं केस काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला कानकाडीचा कापूस भिंगावर हलकासा फिरवा. तोंडानं फुंकू नका, थुंकीचा थेंब आत वाळतो आणि मग तो काढत बसा.

आता पाय, म्हणजे माऊसच्या खालच्या पांढऱ्या किंवा काळ्या गुळगुळीत पट्ट्या. त्यांच्या कडेनं काळपट कडक थर साचतो. धूळ, घाम आणि कातडीचा मळ. नखानं किंवा लाकडी टूथपिकनं खरवडला की शेवयांसारखा निघतो. तिसऱ्या लक्षणाचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, कारण माऊस थांबलेला असताना हा थर पॅडच्या विणीत रुततो आणि हलवायला जास्त जोर लागतो. पायावरची पारदर्शक फिल्म काढलेली आहे ना, तेही बघा. हसू नका, नवीन पाय लावून फिल्म तशीच ठेवणारे हमखास भेटतात.

पॅड, घाम आणि कूलर

हा भाग पुण्या-मुंबईच्या लेखांत सापडणार नाही. नवतपा लागला की पारा ४५ च्या पुढे जातो आणि घरोघरी कूलर धो धो चालतात. कूलर हवा थंड करतो ती पाण्याची वाफ करूनच, त्यामुळे बंद खोलीत दमटपणा वाढत जातो. कापडी पॅड तो शोषून घेतो. वर हाताचा घाम. दुपारपर्यंत पॅड जड होतो, माऊस ओढल्यासारखा वाटतो, आणि तोच फ्लिक अलीकडे थांबायला लागतो. रात्री एसीच्या खोलीत तोच पॅड पुन्हा मोकळा. ‘सकाळी चांगलं, दुपारी बेकार’ हे लक्षण असलेल्याला मी पहिला प्रश्न विचारतो की कूलर कुठं ठेवलाय.

कूलरच्या हवेचा झोत थेट टेबलावर येऊ देऊ नका आणि एक खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत कूलर तसाही नीट काम करत नाही. हाताला सुती किंवा लायक्राची बाही घाला, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचं कातडं पॅडला चिकटणार नाही. पॅड अधूनमधून कोमट पाणी आणि सौम्य साबणानं धुवा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, पिळू नका. वाळवायचा सावलीत. मे महिन्यात गच्चीवर टाकला तर तासाभरात वाळेल खरा, पण खालचं रबर वाकतं आणि कडा उचलल्या जातात.

पॅडचा आकारही तपासा. एका गिरकीला ४१ सेंमी लागत असतील तर मागे वळायला २० लागतात. २२ सेंमीच्या ऑफिसछाप पॅडवर माऊस मधोमध असताना एका बाजूला ११ च उरतात. मग तुम्ही लढाईच्या मधे माऊस उचलता आणि नेमके तेव्हाच मरता. इथे ४०–४५ सेंमी रुंद पॅड घेणं हा खर्च खरोखर उपयोगी आहे. महागडा माऊस घेऊन रँक वाढत असती तर रामदासपेठेतलं प्रत्येक पोट्टं रेडियंट, म्हणजे व्हॅलोरंटच्या सगळ्यात वरच्या रँकवर, असतं.

बसणं आणि वायर

खुर्ची अशी ठेवा की कोपर साधारण काटकोनात राहील आणि खांदा उचलला जाणार नाही. टेबल उंच असेल तर उशी घ्या, पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. यात आरामापेक्षाही महत्त्वाचं एक कारण आहे. हात दर वेळी वेगळ्या जागी टेकला तर मनगट आणि कोपर यांचं काम दर वेळी वेगळं वाटलं जातं, मग तोच फ्लिक तसाच येणार कुठून? कीबोर्ड आणि पॅड कुठे असतात तिथे टेबलावर टेपचे छोटे तुकडे चिकटवून ठेवा. कॅफेत येणाऱ्यांनी स्क्रीनपासूनचं अंतर वितीनं मोजावं.

वायरवाला माऊस असेल तर वायर टेबलाच्या कडेला घासतेय का बघा. घासली की उजवीकडे मोकळं जातं आणि डावीकडे ओढ लागते. वायरचा थोडा भाग ढिला सोडून पुढचा मॉनिटरच्या स्टँडला टेपनं चिकटवला की काम होतं.

वायरलेस असेल तर

रिसीव्हर कॅबिनेटच्या मागे खोचलेला असतो आणि शेजारीच यूएसबी ३ ची पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क. यूएसबी ३ चं काम चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, आणि बहुतेक वायरलेस माऊस त्याच पट्ट्यात बोलतात. क्रॉसहेअर अधूनमधून अडखळतो ते यामुळेही. डब्यात आलेली एक्स्टेंशन वायर वापरा आणि रिसीव्हर माऊसपासून वीतभर अंतरावर आणा. चार्जिंगही बघून घ्या.

स्क्रीन आणि एफपीएस

१४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला आणि विंडोजमध्ये ६० वरच राहिला, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता आश्चर्य वाटत नाही. ६० हर्ट्झला चित्र १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, १४४ ला ६.९ नी. डिस्प्लेच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन बदला. व्ही-सिंक बंद. टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड चालू.

आता एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम येतात त्याचा) आकडा स्क्रीनवर लावून तासभर खेळा. सुरुवातीला २०० आणि नंतर ९० वर आपटत असेल, तर उन्हाळ्यात प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतोय. हाताला ते ‘माऊस जड झाला’ असंच जाणवतं. कॅबिनेट बंद करून, प्लग काढून फिल्टर आणि पंख्यांवरची धूळ ब्रशनं झाडा. लॅपटॉप गादीवर ठेवून खेळणाऱ्यांना काय सांगायचं!

आता हात

वरचं सगळं नीट असेल तर पुढचं फुकट आहे पण सोपं नाही.

आधी एक चाचणी, जी मी प्रत्येकाला करायला लावतो. रेंजमध्ये किंवा एमलॅब्ससारख्या ट्रेनरमध्ये फ्लिकचे तीसेक शॉट मारा आणि शेजारी मित्राला कागद देऊन बसवा. क्रॉसहेअर टार्गेटच्या पुढे गेला तर ‘पु’, अलीकडे राहिला तर ‘अ’. बहुतेक ‘पु’ निघाले तर सेन्स जास्त आहे असं म्हणायला काही आधार आहे. बहुतेक ‘अ’ निघाले तर कमी. पण ‘पु’ आणि ‘अ’ मिसळून आले, आणि बहुतेकांचे तसेच येतात, तर सेन्सचा काही संबंध नाही. सेन्स चुकीची असती तर चूक एकाच बाजूला गेली असती. दोन्ही बाजूंना पसरलेली चूक हाताच्या सातत्याची असते, आणि ती कुठलाही आकडा बदलून जात नाही.

मग सातत्य कुठे जातं? पहिला संशयित म्हणजे आवळलेला हात. क्लचमध्ये, एकावर तीन असताना, स्वतःच्या नखांकडे बघा. टोकं पांढरी पडलेली असतील तर तुम्ही माऊस धरलेला नाही, दाबलेला आहे. तो दाब खाली पॅडवर जातो, घर्षण वाढतं, बारीक हालचाल अडकते. आवळलेले स्नायू लहान दुरुस्ती नीट करू शकत नाहीत. रेंजमध्ये एम लागतो आणि मॅचमध्ये नाही, याचं निम्मं उत्तर इथे आहे. राउंड सुरू होताना, खरेदी चालू असताना माऊस सोडून बोटं पसरा, खांदा खाली सोडा, मग हलक्या हातानं पुन्हा धरा. माऊसची पकड पाम, क्लॉ की फिंगरटिप यावर पोरं भांडत बसतात. तिन्ही चालतात, फक्त मॅचच्या मधे पकड बदलायला नको.

दुसरं, मनगटाकडून त्याच्या कुवतीपेक्षा जास्त काम घेणं. मनगट अंगठ्याच्या बाजूला साधारण २० अंश आणि करंगळीच्या बाजूला ३० अंश वाकतं. त्याच्या टोकाला गेलं की अचूकपणा जातो आणि दुखायलाही लागतं. मोठी वळणं कोपर-खांद्यातून, शेवटचा बोटभराचा भाग मनगट आणि बोटांतून.

फ्लिकचं स्वतःचं एक शास्त्र आहे. रॉबर्ट वुडवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १८९९ मध्येच दाखवलं होतं की नेम धरून केलेल्या हालचालीचे दोन टप्पे असतात. आधी एक झपाट्याची झेप, मग नजरेनं बघून केलेली दुरुस्ती. पॉल फिट्सनं १९५४ मध्ये त्याला सूत्र दिलं : अंतर जितकं जास्त आणि टार्गेट जितकं लहान, तितका वेळ जास्त लागणार. आपल्या कामाचं एवढंच की झेप आणि दुरुस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक पोरं झेपेच्या शेवटीच क्लिक करतात. सरावात मुद्दाम असं करा : झेप, क्षणभर थांबा, सरकवा, मग क्लिक. सुरुवातीला कासवासारखं वाटेल. सलग शॉट लागायला लागले की मधला थांबा आपोआप आखडत जातो. वेग आधी वाढवायला गेलात तर हात चुकाच पाठ करतो. डोळे टार्गेटवर ठेवा, क्रॉसहेअरच्या मागे फिरवू नका.

पण सगळ्यात स्वस्त सुधारणा म्हणजे फ्लिक करावाच लागू नये. फिट्सचं सूत्र इथेच कामी येतं, अंतर कमी केलं की काम आपोआप सोपं होतं. कोपऱ्यावरून वळताना क्रॉसहेअर जमिनीवर किंवा भिंतीच्या मधोमध नको. जिथून डोकं निघेल तिथे, डोक्याच्या उंचीवर, कडेपासून जरा लांब हवा. व्हॅलोरंटमध्ये व्हँडल रायफलची एक गोळी डोक्याला १६० नुकसान करते, कितीही लांबून, आणि पूर्ण ढालीसकट समोरच्याकडे १५० च असतात. म्हणजे पहिली गोळी नीट ठेवली की दुसरीची गरज नाही. कुठल्याही मॅपमध्ये एकटे फिरून बघा, पेट्या, दाराच्या चौकटी, भिंतीवरच्या रेघा यांपैकी काय काय डोक्याच्या उंचीला येतं ते. अर्ध्या तासाचं काम, आणि हे न केलेल्यांची संख्या फार मोठी आहे.

सातवं लक्षण, ‘डोक्यावर होता तरी गेली’, याचा माऊसशी काही संबंध नाही. तुम्ही चालताना गोळी मारली. काउंटर-स्ट्राइकमध्ये रायफल नेमकी लागायला तुमचा वेग त्या बंदुकीच्या पूर्ण वेगाच्या साधारण एक तृतीयांशाखाली यावा लागतो. नुसती डी (उजवीकडे जायची की) सोडली तर तुम्ही थोडे घसरत जाता. डी सोडून क्षणभर ए ला (डावीकडे जायच्या कीला) टिचकी मारली की जागीच थांबता, आणि गोळी त्या क्षणी सुटायला हवी. व्हॅलोरंटमध्ये थांबणं जरा लवकर होतं, पण पळता पळता मारलेली गोळी तिथेही नशिबावरच असते. स्वतःचा एखादा रेकॉर्ड केलेला राउंड हळू वेगानं बघा. क्लिक आधी आणि थांबणं नंतर असं दिसलं तर सेन्सबद्दलची चर्चा तिथेच संपते.

सराव किती? मॅचच्या आधी पंधरा-वीस मिनिटं पुरतात. थोडे स्थिर टार्गेट, थोडं चालत्या टार्गेटच्या मागे क्रॉसहेअर ठेवणं, मग एखादा डेथमॅच, आणि त्यात किल मोजायचे नाहीत, फक्त थांबून मारलं का एवढंच बघायचं. तीन तास ट्रेनर घासून मग रँक्ड खेळणारे थकलेल्या हातानं खेळतात.

आणि एवढं करूनही कागदावर सतत ‘पु’ येत असतील तर सेन्स बदला. पण एका वेळी दहा टक्क्यांहून जास्त नको, म्हणजे ०.४ ची ०.३६. मग दोन आठवडे हात लावायचा नाही, हरलात तरी. त्या काळात पॅड, पाय, खुर्ची काहीही बदलायचं नाही, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कधीच कळणार नाही.

इथे थांबा

डबल क्लिक होत असेल, स्प्रे तुटत असेल, तर आतल्या स्विचचे पत्रे झिजले किंवा गंजले आहेत. काही माऊसच्या सॉफ्टवेअरमध्ये डिबाउन्स, म्हणजे लागोपाठच्या दोन क्लिकमध्ये माऊस धरतो तो थांबा, वाढवता येतो. तो वाढवला की तात्पुरतं भागतं, पण क्लिक जरा उशिरा पोचतो. वॉरंटी चालू असेल तर स्क्रू उघडू नका, बिल घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. वॉरंटी संपली असेल आणि सोल्डरिंग येत नसेल, तर ज्याला येतं त्याच्याकडून स्विच बदलून घ्या. स्क्रू बहुतेक पायांच्या खाली दडलेले असतात आणि एकदा उचकटलेले पाय पुन्हा सपाट बसत नाहीत, म्हणून पायांचा नवा जोड आधी आणून ठेवा. सेन्सरच उड्या मारत असेल आणि सफाईनं फरक पडला नाही, दुसऱ्या पीसीवरही तेच, तर दुरुस्तीत पैसे घालू नका.

कॅबिनेटला हात लागला की झिणझिणतं, ही तक्रार उन्हाळ्यात वाढते. कूलर आणि पीसी एकाच एक्स्टेंशनवर, आणि जुन्या घरात अर्थिंगचा पत्ता नाही. इथे माऊस, एम सगळं बाजूला ठेवा. मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्थिंग तपासल्याशिवाय ना कूलर चालवायचा ना पीसी. टेस्टर घेऊन स्वतः प्रयोग करू नका, विशेषतः ओल्या फरशीवर उभं राहून.

शेवटी हात. खेळून झाल्यावर थोडं अवघडलं आणि सकाळी गेलं, तर विश्रांती घ्या, तास कमी करा. पण अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होत असेल, रात्री मुंग्यांनी जाग येत असेल, कप हातातून निसटत असेल, तर मनगटातून जाणारी मीडियन नस दाबली जात असण्याची शक्यता असते. करंगळीच्या बाजूला मुंग्या असतील तर दुसरी नस, बहुधा कोपरापाशी. वेदनाशामक जेल चोळून रँक्ड चालू ठेवायचं नाही, आणि ऑनलाइन पट्टा मागवून स्वतःच बांधायचा नाही. दोन आठवड्यांच्या विश्रांतीनंतरही दुखणं तसंच असेल, किंवा बधिरपणा आणि ताकद कमी होणं कधीही जाणवलं, तर हाडांच्या डॉक्टरकडे जा. खासगी परवडत नसेल तर नागपुरातली सरकारी रुग्णालयं आहेत : मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे ओपीडी आहे. कोणती बोटं, दिवसा की रात्री, किती दिवसांपासून, रोज किती तास माऊस हातात असतो, हे कागदावर लिहून न्या. आणि घरचे सोबत आहेत म्हणून ‘कॉलेजचं टायपिंग असते’ असं सांगू नका. डॉक्टर टायपिंगचे तास कमी करायला लावतील आणि तुम्ही संध्याकाळी पुन्हा कॅफेत येऊन बसाल.